तीन फुल्या, एक मुकुट, दोन सिंह: ॲम्स्टरडॅमचं नगरचिन्ह कसं वाचायचं

ॲम्स्टरडॅममध्ये किंवा शेजारच्या ॲम्स्टेलव्हेनमध्ये नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक खूण जागोजागी दिसायला लागते. एकाखाली एक अशा तीन फुल्या. रस्त्याच्या कडेच्या लोखंडी खुंटांवर, कचऱ्याच्या गाड्यांवर, महापालिकेच्या पत्रांवर, पुलांच्या कठड्यांवर, झेंड्यांवर. शहराचा लाल दिव्यांचा भाग जगभर माहीत असल्यामुळे पुष्कळ पर्यटक या फुल्यांचा अर्थ तिकडेच नेऊन जोडतात आणि तसे टी-शर्टही विकत घेतात. त्या फुल्यांचा त्या वस्तीशी काडीचाही संबंध नाही. त्या ५०० वर्षांहून जुन्या आहेत आणि शहराच्या नगरचिन्हातून आलेल्या आहेत.

हे नगरचिन्ह नीट वाचायला शिकलात तर शहराचा निम्मा इतिहास रस्त्यात उभ्या उभ्या कळतो. त्यासाठी डच यायला हवं असं नाही आणि मोठमोठे ग्रंथही लागत नाहीत. मात्र एक सवय मोडावी लागते. लाल म्हणजे शौर्य, पांढरा म्हणजे पावित्र्य, सिंह म्हणजे पराक्रम असं कोष्टक मनात धरून चिन्हाकडे पाहायचं नाही. असली कोष्टकं बहुतेक वेळा चिन्ह तयार झाल्यानंतर शेकडो वर्षांनी कोणीतरी बसवलेली असतात. त्याऐवजी प्रत्येक भागाला तीन प्रश्न विचारायचे: हा भाग कधी आला, कोणी आणला आणि त्या वेळी त्याचा उपयोग काय होता? ॲम्स्टरडॅमचं चिन्ह यासाठी फार सोयीचं आहे, कारण त्याचा एकेक भाग वेगवेगळ्या शतकात आला आहे. चार पिढ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे खोल्या वाढवलेल्या वाड्यासारखं ते आहे.

पहिली पायरी: अर्थ बाजूला ठेवा, आधी नुसतं पाहा

पूर्ण नगरचिन्हाचं एक चित्र समोर घ्या आणि दिसतं ते साध्या शब्दांत सांगा. मध्यभागी लाल ढाल. ढालीच्या मधोमध वरून खाली गेलेला काळा उभा पट्टा. त्या पट्ट्यावर एकाखाली एक तीन पांढऱ्या फुल्या. ढालीवर मोठा मुकुट. दोन्ही बाजूंना ढाल धरून उभे असलेले दोन सोनेरी सिंह. खाली फडफडत्या फितीवर तीन डच शब्द.

या यादीतली ढाल म्हणजे मूळ चिन्ह. बाकीचं सगळं तिच्याभोवतीचा सरंजाम. खुंटांवर आणि गाड्यांवर तर ढालही दिसत नाही, फक्त फुल्या उरतात. त्यामुळे कुठेही ही खूण दिसली की आधी पाहायचं: इथे पूर्ण चिन्ह आहे, नुसती ढाल आहे की फक्त फुल्या? सरकारी इमारतीच्या दर्शनी भागावर बहुधा मुकुटासह ढाल सापडेल. रोजच्या वापराच्या वस्तूंवर फुल्या पुरतात.

झेंडा पाहताना गोंधळ होऊ शकतो, म्हणून एक बारकावा. झेंड्यावर लाल, काळा, लाल असे आडवे पट्टे आहेत आणि फुल्या काळ्या पट्ट्यावर ओळीने डावीकडून उजवीकडे जातात. ढालीवर हाच पट्टा उभा आहे. खूण एकच आहे, फक्त कापडावर ती आडवी झाली. या रूपातला झेंडा अधिकृतपणे १९७५ साली स्वीकारला गेला.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात बसवून घ्यावी. युरोपातल्या या चिन्हशास्त्रात उजवं-डावं हे ढाल हातात धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात, पाहणाऱ्याच्या बाजूने नाही. म्हणजे तुमच्या डाव्या हाताला दिसणारी बाजू ही ढालीची उजवी बाजू आणि मानाची बाजू तीच. ॲम्स्टरडॅमच्या ढालीच्या दोन्ही बाजू सारख्याच असल्याने इथे अडत नाही, पण दुसऱ्या गावांची वर्णनं वाचताना नक्की अडतं.

दुसरी पायरी: रंग नसतील तर रेघा वाचा

जुन्या इमारतींवरची बरीचशी चिन्हं दगडात कोरलेली असतात आणि दगडाला रंग नसतो. छापील पुस्तकांतही शाई काळीच असायची. यावर १७व्या शतकात एक सुंदर तोडगा रूढ झाला: प्रत्येक रंगासाठी एक ठरावीक रेघांची खूण. उभ्या रेघा म्हणजे लाल. आडव्या रेघा म्हणजे निळा. उभ्या-आडव्या रेघांची जाळी म्हणजे काळा. तुमच्या डावीकडून उजवीकडे खाली उतरणाऱ्या तिरक्या रेघा म्हणजे हिरवा. ठिपके म्हणजे सोनेरी. काहीच नसेल तर पांढरा, म्हणजे रुपेरी.

आता ॲम्स्टरडॅमची ढाल या रेघांत कशी दिसेल ते मनात आणा: कडेला उभ्या रेघा, मध्ये जाळी, जाळीवर कोऱ्या फुल्या. एकदा हे डोळ्यांत बसलं की काळपटलेल्या दगडावरही रंग दिसायला लागतात. सगळ्याच शिल्पकारांनी या रेघा कोरलेल्या नाहीत, पण जिथे आहेत तिथे त्या शोधण्यात मोठा आनंद आहे.

रंगांचा एक जुना नियमही इथेच सांगतो. सोनेरी आणि रुपेरी हे ‘धातू’ मानले जातात आणि लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर रंग किंवा रंगावर धातू चालतो, पण रंगावर रंग ठेवायचा नाही. कारण व्यवहाराचं होतं: लढाईच्या धुळीत, लांबून, ढाल पटकन ओळखू आली पाहिजे. ॲम्स्टरडॅमच्या ढालीवर मात्र लालवर काळा पट्टा आहे, म्हणजे रंगावर रंग. नियमाला सरळ फाटा दिलेला आहे आणि शतकानुशतकं कोणी तो बदललेला नाही. त्या काळ्यावरच्या पांढऱ्या फुल्या लांबून लखलखीत दिसतात ही गोष्ट मला पुरेशी वाटते.

तिसरी पायरी: फुल्यांच्या गोष्टी ऐका, पण तपासून घ्या

शहरात कोणालाही फुल्यांचा अर्थ विचारा, ठरलेलं उत्तर येईल: पूर, आग आणि प्लेग. शहरावर आलेल्या तीन संकटांच्या या तीन खुणा, किंवा ती संकटं दूर ठेवणाऱ्या. नावेतून फिरवणारे वाटाडे हीच गोष्ट सांगतात आणि ती ऐकायला छान वाटते. संकटं खोटी नव्हती. १४२१ आणि १४५२ या दोन वर्षी ॲम्स्टरडॅम भयंकर जळलं. १४५२च्या आगीत तर शहराचा बहुतेक भाग गेला, कारण घरं लाकडाची होती. पाणी तर आजही दाराशीच आहे.

तरीही ही गोष्ट टिकत नाही आणि ते पडताळायला ॲम्स्टरडॅमच्या बाहेर थोडंसं जावं लागतं. ॲम्स्टेलव्हेनच्या चिन्हात अशाच फुल्या आहेत, पण चार. ॲम्स्टल नदीवरच्याच औडर-ॲम्स्टलच्या चिन्हात पाच. मग तिथली चौथी आणि पाचवी संकटं कुठली म्हणायची? एकाच नदीकाठच्या तीन शेजारी ठिकाणी एकच खूण तीन वेगवेगळ्या संख्येने दिसते, तेव्हा तिचं मूळ त्या सगळ्या जमिनीच्या एखाद्या समान धन्यात शोधायला हवं.

असा एक धनी सापडतोही. यान पर्सेन नावाचा सरदार १२८० ते १२८२ या काळात ॲम्स्टरडॅमचा अधिपती होता. त्याच्या घराण्याच्या मालमत्तांशी या फुल्या जोडल्या जातात आणि त्या घराण्याकडून त्या इथल्या गावांकडे आल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा कल आहे. ॲम्स्टरडॅमचं नाव तोवर कागदावर येऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. हॉलंडचा काउंट पाचवा फ्लोरिस याने १२७५ साली ॲम्स्टल नदीवरच्या धरणापाशी राहणाऱ्या लोकांना जकातमाफी दिली. तो दस्तऐवज म्हणजे या गावाचा पहिला लेखी उल्लेख. धरण, त्याभोवती थोडी घरं आणि मासेमारी, एवढंच तेव्हाचं गाव.

काळा उभा पट्टा म्हणजे ॲम्स्टल नदी, असं सहसा मानतात. हे मला पटण्याजोगं वाटतं, कारण शेजारच्या शहरांतही तसंच आहे. डेल्फ्टच्या ढालीवरही मधोमध काळा पट्टा आहे आणि ते शहर ज्या खोदलेल्या कालव्यावर वसलं त्याचंच ते चित्र. रॉटरडॅमच्या ढालीवर हिरव्यावर पांढरा पट्टा आहे, तो रॉट नदीचा.

फुल्यांना इथे ‘संत आंद्रियासचा क्रूस’ म्हणतात. ख्रिस्ताच्या १२ शिष्यांपैकी आंद्रियास हा मूळचा कोळी, आणि त्याला तिरप्या क्रुसावर खिळून मारलं अशी परंपरा. कोळ्यांच्या गावाला कोळी संताची खूण शोभतेच, त्यामुळे हे नाव लोकांना जवळचं वाटलं. पण नाव जवळचं वाटणं वेगळं आणि चिन्ह त्या संतावरून घेतलेलं असणं वेगळं. ब्रेडा शहराच्या चिन्हातही तीन पांढऱ्या फुल्या आहेत, त्यामुळे नेदरलँड्समध्ये कुठेही तीन फुल्या दिसल्या की ॲम्स्टरडॅम असं समजू नका. मांडणी पाहा. ब्रेडाच्या लाल ढालीवर दोन फुल्या वर आणि एक खाली आहे, आणि मधला काळा पट्टा नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: या फुल्या रूढ होण्याआधी शहराची ओळख वेगळी होती. मध्ययुगीन शहराच्या मोहरेवर, म्हणजे कागदपत्रांवर उमटवायच्या शिक्क्यावर, एक जहाज होतं, कॉग नावाचं, रुंद पोटाचं आणि एकाच शिडाचं मालवाहू जहाज. त्यात दोन माणसं आणि एक कुत्रा. एक कोळी आणि एक योद्धा कुत्र्यासह वादळातून इथे लागले आणि त्यांनी गाव वसवलं, अशी दंतकथा त्यावरून निघाली. ते जहाज अजून शहरात आहे. ते कुठे पाहायचं ते पुढे फेरीत सांगतो.

चौथी पायरी: मुकुटाला जास्त वेळ द्या

माझ्या मते पूर्ण चिन्हातला सगळ्यात बोलका भाग हा. छोट्याशा शहराच्या ढालीवर सम्राटाचा मुकुट कसा काय?

ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यातला माक्सिमिलियान लग्नाने नेदरलँड्सच्या राजकारणात आला. इथे तेव्हा ‘हुक’ आणि ‘कॉड’ अशा दोन गटांत पिढ्यान्‌पिढ्यांची यादवी चालू होती. ॲम्स्टरडॅम कॉड गटाचं, म्हणजे माक्सिमिलियानच्या बाजूचं. १४८८ साली ब्रुग्झच्या नागरिकांनी या माक्सिमिलियानलाच काही महिने कैदेत ठेवलं होतं, यावरून त्याची परिस्थिती किती नाजूक होती ते लक्षात येईल. अशा वेळी ॲम्स्टरडॅम त्याच्या पाठीशी उभं राहिलं आणि त्याला पैसाही पुरवला. त्याची परतफेड म्हणून १४८९ साली त्याने शहराला आपला मुकुट ढालीवर लावायची परवानगी दिली.

इथे भाविकांची आणखी एक कथा जोडली जाते. १३४५ सालच्या एका चमत्कारामुळे ॲम्स्टरडॅम हे यात्रेचं ठिकाण बनलं होतं. माक्सिमिलियान आजारपणातून बरा झाला तो या यात्रेमुळे, म्हणून त्याने मुकुट दिला, असं म्हणतात. कर्ज आणि श्रद्धा दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात, पण सनद मिळवायला शहराला उपयोगी पडली ती मदत आणि पैसा.

आता तारखांकडे बारकाईने पाहा. १४८९ साली माक्सिमिलियान सम्राट नव्हता. त्याचे वडील तिसरे फ्रेडरिक सम्राट होते आणि तो ‘रोमनांचा राजा’, म्हणजे निवडलेला वारस होता. म्हणून आधी मिळाला तो राजमुकुट. १५०८ साली त्याने सम्राटपद धारण केलं आणि मग शहराच्या ढालीवरही सम्राटाचा मुकुट आला. त्यानंतरही बदल थांबला नाही. सम्राट दुसरा रुडॉल्फ याने १६०२ साली स्वतःसाठी एक नवा मुकुट घडवून घेतला: दोन बाजूंना बिशपच्या टोपीसारखे दोन फुगीर अर्धे, त्यांच्या मधून जाणारी उंच कमान आणि टोकाला निळं नीलरत्न. १७व्या शतकात ॲम्स्टरडॅमच्या चिन्हकारांनी हाच आकार उचलला. आज जो मुकुट तुम्ही ढालीवर पाहता तो नावाने माक्सिमिलियानचा, पण घडणीने रुडॉल्फचा आहे. मूळ मुकुट व्हिएन्नाच्या हॉफबुर्ग राजवाड्याच्या रत्नभांडारात पाहायला मिळतो.

खरा नवलाचा भाग यापुढचा. १५७८ साली ॲम्स्टरडॅमने कॅथलिक सत्ताधाऱ्यांना बाहेर काढलं आणि शहर प्रोटेस्टंट पक्षाला मिळालं. १५८१ साली उत्तरेकडच्या प्रांतांनी माक्सिमिलियानच्याच पणतवाला, स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला, राजा मानायचं नाकारलं. पुढे इथे प्रजासत्ताक आलं. राजा गेला, धर्म बदलला, हाब्सबुर्गांशी ८० वर्षांचं युद्ध झालं. मुकुट मात्र ढालीवर जसाच्या तसा राहिला, उलट आणखी मोठा आणि झळाळता झाला.

याचं कारण बंदरात शोधायचं. मागच्या बाजूला सम्राटाचा मुकुट रंगवलेलं जहाज परक्या बंदरात शिरलं की ते कुठल्या पातळीच्या शहराचं आहे, हे न बोलता कळायचं. व्यापारी शहराला मुकुट हवा होता तो पत म्हणून. कोणाची तरी प्रजा असल्याची खूण म्हणून त्याची गरज कधीच संपली होती. हा फरक ध्यानात आला की युरोपातल्या पुष्कळ शहरांच्या चिन्हांमधले मुकुट आणि गरुड कळायला लागतात.

पाचवी पायरी: सिंहांवर फार वेळ घालवू नका

दोन सिंह १६व्या शतकात आले. ढालीच्या दोन बाजूंना कोणीतरी आधार द्यायला उभं असणं ही तेव्हाची रूढ पद्धत, आणि या प्रदेशात सिंह हे प्राणी इतके लोकप्रिय होते की प्रांतोप्रांतीच्या चिन्हांवर ते सापडतात. त्यांचा ॲम्स्टरडॅमपुरता असा वेगळा अर्थ काढत बसू नये. नेपोलियनचा काळ संपून नेदरलँड्सचं राज्य उभं राहिल्यावर, १८१६ साली, शहराच्या चिन्हाची अधिकृत नोंद झाली.

सहावी पायरी: फितीवरचे तीन शब्द मोठ्याने वाचा

‘हेल्डहाफ्तिख, फास्टबराडन, बार्महार्तिख.’ शूर, निर्धारी, दयाळू. हे शब्द पाहून कोणालाही वाटेल की मध्ययुगातल्या एखाद्या सरदाराचं हे ब्रीद असावं. प्रत्यक्षात ते चिन्हाचा सगळ्यात तरुण भाग आहेत. राणी विल्हेल्मिनाने ते २९ मार्च १९४७ रोजी शहराला दिले. आणि ते का दिले हे माहीत नसेल तर हे शहर अर्धवटच समजलं, असं मला मनापासून वाटतं.

मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्स व्यापलं. ॲम्स्टरडॅममध्ये ज्यूंची मोठी आणि शेकडो वर्षं जुनी वस्ती होती. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ या दोन दिवशी जर्मन पोलिसांनी ज्यू वस्तीला वेढा घातला, चारशेहून अधिक तरुण पुरुषांना पकडून योनास डानिएल मायरप्लेन या चौकात उकिडवं बसवलं आणि मग छळछावण्यांकडे पाठवलं. त्यांच्यातलं जवळजवळ कोणीच परत आलं नाही.

२४ तारखेच्या संध्याकाळी नोर्डरमार्क्ट या चौकात उघड्यावर एक सभा झाली. ती बोलावण्यात बंदी घातलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे महापालिका कामगार पुढे होते. रस्ते झाडणारा पीट नाक आणि रस्ते बांधणीतला विलेम क्रान ही त्यांतली दोन नावं. दुसऱ्या दिवशी, २५ फेब्रुवारीला, सकाळी ट्राम आगारातून बाहेर पडल्या नाहीत. ट्राम बंद दिसल्यावर बातमी आपोआप शहरभर झाली. गोदीतले कामगार, कारखाने, कचेऱ्या, दुकानं, सगळं थांबलं. संप आसपासच्या गावांत आणि उट्रेख्टपर्यंत पसरला. शेजाऱ्यांना ज्यू म्हणून उचलून नेलं याच्या निषेधार्थ एक आख्खं शहर कामावर गेलं नाही. व्याप्त युरोपात असं दुसरं उदाहरण जवळजवळ नाही.

जर्मनांनी दोन दिवसांत गोळीबार आणि अटकांनी संप मोडला. पुढे ॲम्स्टरडॅममधल्या बहुसंख्य ज्यूंची हत्या झाली. संपाने ती थांबली नाही. म्हणून ‘शूर’ या शब्दाशेजारी ‘दयाळू’ हा शब्द उभा आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. विजय मिळाला म्हणून हे ब्रीद दिलेलं नाही. आपल्या माणसांच्या बाजूने उभं राहायचं धाडस केलं, म्हणून दिलेलं आहे.

मुंबई महापालिकेच्या चिन्हावर ‘यतो धर्मस्ततो जयः’ हे महाभारतातलं वचन आहे. शाळेच्या गणवेशापासून पाण्याच्या बिलापर्यंत ज्यांनी ते पाहिलं त्यांना शहराच्या ब्रीदाची सवय आहे. ॲम्स्टरडॅमचं ब्रीद मात्र कुठल्या ग्रंथातून उचललेलं नाही. ट्रामचालक, सफाई कामगार आणि गोदी कामगार यांच्या एका कृतीवरून ते बेतलेलं आहे, आणि ती कृती घडली तेव्हा ज्यांचा जन्म झाला होता अशी माणसं अजून या शहरात आहेत.

रॉटरडॅमचं ब्रीदही याच प्रकारचं. १४ मे १९४०च्या बॉम्बवर्षावात त्या शहराचा मध्यभाग नष्ट झाला आणि १९४८ साली विल्हेल्मिनानेच त्याला ‘झगड्यातून अधिक बळकट’ अशा अर्थाचे शब्द दिले. ही दोन्ही ब्रीदं शेजारी ठेवून पाहा: एकात पडझडीतून उभं राहणं आहे, दुसऱ्यात दुसऱ्यांसाठी उभं राहणं.

सातवी पायरी: आता पायी निघा

अर्धा दिवस काढा आणि शक्य असेल तर दुर्बीण घ्या, कारण सगळ्यात चांगल्या गोष्टी छपरांवर आहेत.

सुरुवात मध्यवर्ती रेल्वे स्थानकासमोरून करा. पी. जे. एच. काउपर्स या वास्तुकाराचं हे स्थानक १८८९ साली उघडलं. दर्शनी भिंतीवर इतर शहरांची चिन्हंही आहेत. आधी ती ओळखायची स्पर्धा मुलांमध्ये लावता येते.

तिथून सरळ डाम चौकात या. समोरचा राजवाडा हा मूळचा शहराचा नगरभवन, याकोब फान काम्पनने रचलेला आणि १६५५ साली उघडलेला. चौकाकडच्या त्रिकोणी शिल्पपटात मध्यभागी मुकुट घातलेली एक स्त्री बसलेली दिसेल. ती म्हणजे ॲम्स्टरडॅम नगरी, आणि समुद्रातले देव-प्राणी तिला वंदन करत आहेत. मुकुटाचा उपयोग पत म्हणून कसा केला जात होता याचं याहून मोठं चित्र शहरात नाही. मग मान वर करा. घुमटाच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारं जहाज आहे. तेच ते जुन्या मोहरेवरचं कॉग.

राजवाड्याला वळसा घालून मागे जा. तिथल्या शिल्पपटात वेगवेगळे खंड आपापला माल घेऊन नगरीकडे आलेले दाखवले आहेत. हे शिल्प कोरलं जात होतं त्याच काळात डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात चालू होती, आणि तिचे पडके अवशेष आजही तिथे उभे आहेत. वेंगुर्ल्याच्या माणसाने हे शिल्प जरा थांबून पाहावं. कोणी कोणाकडे माल ‘आणून दिला’ याची गोष्ट त्या किनाऱ्यावर वेगळी सांगितली जाते.

मागच्या रस्त्याने दहा मिनिटं चाललात की वेस्टरकेर्क. हेन्ड्रिक द काइझरने रचलेलं हे चर्च, आणि रेम्ब्रांट इथेच पुरलेला आहे. मनोऱ्याच्या टोकावर निळा मुकुट दिसतो तो शहराच्या ढालीवरचाच. शेजारच्याच घरात लपून राहिलेल्या ॲन फ्रँकने याच मनोऱ्याच्या घंटांबद्दल लिहिलं आहे. म्हणजे चिन्हातला १५व्या शतकातला भाग आणि २०व्या शतकातला भाग इथे एकाच जागी उभे आहेत.

प्रिन्सनग्राख्त कालव्याच्या कडेने उत्तरेकडे गेलात की नोर्डरमार्क्ट येतो, १९४१च्या सभेची जागा. शनिवारी तिथे बाजार भरतो. तिथून ट्रामने किंवा मेट्रोने वॉटरलूप्लेनला या. जवळच १८८४ सालचा ब्लाऊब्रुग पूल आहे. त्याच्या दिव्यांच्या खांबांवर सम्राटाचे मुकुट अगदी डोळ्यांच्या जवळ पाहायला मिळतात, त्यामुळे मुकुटाची घडण तपासायला ही जागा सगळ्यांत सोयीची. आणि दोन मिनिटांवर योनास डानिएल मायरप्लेन. चौकात ‘गोदी कामगार’ हा ब्राँझचा पुतळा आहे, मारी आंद्रीसनने घडवलेला आणि १९५२ साली उघडलेला. दरवर्षी २५ फेब्रुवारीला इथे लोक फुलं घेऊन येतात. कार्यक्रम सगळ्यांसाठी खुला असतो. नव्याने राहायला आलेल्यांनी एकदा तरी जावं. तुम्ही परके आहात असं कोणी वाटू देत नाही.

वाटेत लालसर तपकिरी लोखंडी खुंट मोजत बसू नका. त्यांना ‘ॲम्स्टरडामर्त्ये’, म्हणजे ‘छोटा ॲम्स्टरडॅमकर’, म्हणतात. गाड्या फुटपाथवर चढू नयेत म्हणून ते लावले होते. पालिका ते हळूहळू काढते आहे, तेव्हा मुलांना दाखवायचे असतील तर लवकर दाखवा.

आठवी पायरी: दुसऱ्या गावावर हात चालवून पाहा

एक चिन्ह वाचता आलं की बाकीची सोपी होतात. द हेगच्या चिन्हावर चोचीत बाम मासा धरलेला करकोचा आहे. लायडनच्या चिन्हावर तिरप्या लाल किल्ल्या आहेत, त्या शहराचा रक्षक संत पीटर याच्या. उट्रेख्टची ढाल तिरपी कापून अर्धी पांढरी, अर्धी लाल केलेली आहे, आणि संत मार्टिनने भिकाऱ्यासाठी फाडून दिलेल्या झग्याशी तिचा संबंध लावतात. इथेही तेच प्रश्न विचारा: कधी, कोणी, कशासाठी? झग्याची गोष्ट फुल्यांच्या गोष्टीइतकीच आकर्षक आहे, म्हणून तीही तितकीच तपासून घ्या.

ॲम्स्टेलव्हेनमध्ये राहणाऱ्यांनी स्वतःच्या गावापासून सुरुवात केलेली बरी. नगरभवनात जायची वेळ कधीतरी येतेच, तेव्हा चार फुल्या शोधा आणि मुलांना विचारा की ॲम्स्टरडॅमच्या तीनच का.

मूळ कागद पाहायचे असतील तर ॲम्स्टरडॅमचं नगर अभिलेखागार फेइझलस्ट्राट रस्त्यावर ‘द बाझल’ नावाच्या भव्य जुन्या इमारतीत आहे. १२७५ची जकातमाफीची सनद त्याच संग्रहात आहे. देशातल्या सगळ्या गावांच्या अधिकृत चिन्हांची नोंद हेगमधल्या उच्च सरदार मंडळाकडे ठेवली जाते, आणि तिथे प्रत्येक चिन्हाचं शब्दांत केलेलं शास्त्रीय वर्णन मिळतं. ते वर्णन समोर ठेवून, चित्र न पाहता, कागदावर चिन्ह काढून पाहा. शिकायचा याहून चांगला सराव मला माहीत नाही.

एक व्यवहाराची सूचना राहिली. गणेशोत्सवाच्या किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाच्या पत्रकावर स्थानिक खूण म्हणून फुल्या घालाव्यात असं मंडळांना वाटतं, आणि ते स्वाभाविक आहे. नुसत्या तीन फुल्या इथे दुकानांपासून खेळांच्या संघांपर्यंत सगळे वापरतात. पण मुकुट आणि सिंहांसह पूर्ण नगरचिन्ह किंवा पालिकेचं बोधचिन्ह छापलं की कार्यक्रम पालिकेचाच आहे असा समज होतो. ते वापरायचं असेल तर आधी पालिकेला लिहून विचारा आणि उत्तर येईपर्यंत पत्रक छापायला देऊ नका.